अठ्ठावीस गुणांचा कागद

"आज वार कोणता?" हा प्रश्न मी जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा तो पंचांग सांगणाऱ्या गुरुजींनीही विचारला नसेल. सव्वीस वर्षं जळगावच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझं हेच काम होतं. डॉक्टरसाहेबांनी तपासायच्या आधी म्हातारी माणसं माझ्या खोलीत यायची. मी त्यांना वार, महिना, गाव विचारायचे, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, शंभरातून सात वजा करायला लावायचे, घड्याळ काढून घ्यायचे. मग ते तीन शब्द परत विचारायचे. सगळे मिळून तीस गुण. लोकांना वाटायचं, हिला बसून पगार मिळतो. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटायचं.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं, एवढं मात्र मी छाती पुढे काढून सांगेन. सुरुवातीला माझ्या हातात आला तो कागद कुठल्यातरी शहरातल्या माणसानं तयार केला होता. असोद्याचे एक केळीवाले आजोबा समोर बसले. मी तारीख विचारली. ते म्हणाले, "तारीख कोन्हाले ठाऊक माय? बाग निसवली तेले दोन महिने झाले, ते लिही." मी शून्य लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी कागद पाहिला, मला आत बोलावलं आणि विचारलं, "केळीला घड कधी लागला हे ज्याला बरोबर सांगता येतं, त्याला तू महिना कळत नाही म्हणून लिहितेस?" त्या दिवसापासून मी माझा कागद माझ्या हातानं बदलायला लागले. ज्यानं आयुष्यात घड्याळ बांधलं नाही त्याला घड्याळ काढायला सांगायचं नाही, ताटातल्या वाढपाची जागा दाखवायला सांगायची. मीठ कुठे, चटणी कुठे, भात कुठे. जिची शाळा झालेली नाही तिला वजाबाकी नाही, पाहुणे किती आणि भाकरी किती हा हिशोब. हे सगळं डॉक्टरसाहेबांनी दोन-दोन महिने पडताळून पाहिलं आणि मग हो म्हटलं.

गमतीही खूप झाल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, त्यांनी माझ्या प्रश्नातलं शुद्धलेखन सुधारून दिलं आणि मग ऋतू कोणता हे सांगता आलं नाही म्हणून माझ्यावरच चिडले. भुसावळचे एक जुने गार्ड होते. त्यांना त्यांच्या काळातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ, पण बायको जाऊन चार वर्षं झाली हे आठवत नसे. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "मंडळी कुठे आहे?" मी नवखी होते. खरं ते सांगून टाकलं. ते माझ्यासमोर असे रडले की जणू बातमी आत्ताच आली आहे, आणि त्यांच्यापुरती ती आत्ताच आली होती. पुढच्या भेटीला त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी म्हटलं, "येतील, तुम्ही चहा घ्या." ते शांतपणे चहा प्यायले.

पण या कामातली मुख्य गोष्ट वेगळीच. चाचणीला दोन भाग असतात. पहिला भाग पेशंटचा. दुसरा भाग त्याच्या घरच्या माणसाचा, आणि तो पेशंटला ऐकू जाणार नाही असा बाहेर व्हरांड्यात घ्यायचा. रोज बरोबर कोण राहतं? चूल पेटती राहते का? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का? कुणावर आळ घेतात का? माणूस आपलं विसरणं लपवतो. पहिली दोन-तीन वर्षं तर इतकं बेमालूम लपवतो की डॉक्टरही फसतात. त्याच्याबरोबर राहणारा मात्र फसत नाही. डॉक्टरसाहेब मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "पेशंट सांगतो ती अर्धी चाचणी. उरलेली अर्धी बाहेर चपला घालून उभी असते." सव्वीस वर्षांत मी तो दुसरा भाग एकदाही सोडला नाही. सोडला तो निवृत्त झाल्यावर.

निवृत्तीनंतर मी धुळ्याला मुलाकडे राहायला आले. फ्लॅट छान, मुलगा चांगला, सूनही चांगली. पण मी दिवसभर घरात बसलेली. पंधरा दिवसांत सूनबाईनं दोनदा विचारलं, "आई, गॅस बंद केला ना?" गॅस बंदच होता. मला तो प्रश्न फार लागला. ज्या बाईनं हजारो लोकांची आठवण तपासली तिला ही पोर गॅस विचारते. हे इथे सांगते आहे कारण पुढच्या गोष्टीत याचा हात आहे.

त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस घरी आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता राहिलेलीही नाही. कुणीतरी त्याला माझं नाव दिलं होतं. त्याच्या हातात एक चकचकीत पत्रक होतं, वर दाट हिरवं जंगल, पोपट, नदी आणि जांभळ्या फळांचे घोस. फळाचं नाव आसाई. तिकडे दूर, ॲमेझॉनच्या पावसाळी जंगलात, आपल्या शिंदीसारखं उंच झाड असतं, त्याला करवंदाएवढी काळी-जांभळी फळं लागतात. मोठी बी आणि वर पातळ गर. तोडल्यावर एका दिवसात खराब होतात, म्हणून गोठवून नाहीतर वाळवून पूड करून पाठवतात. तिथली माणसं ती पीठ-मासळीबरोबर पोटभर खातात, भूक लागते म्हणून. आपल्याकडे येईपर्यंत ते 'मेंदूचं कवच' झालं होतं.

त्यांची योजना अशी: धुळ्याजवळच्या सोनगीर गावातल्या पंधरा-वीस म्हाताऱ्या माणसांना सहा महिने या पुडीची पाकिटं फुकट द्यायची, रोज एक, पाण्यात नाहीतर दुधात. मी दर महिन्याला एका बुधवारी जाऊन चाचणी घ्यायची. गुण वाढले की ते पत्रकावर छापायचे. कागद कंपनीनं छापून आणला होता. त्यात फक्त पहिला भाग होता. "घरच्यांचे प्रश्न कशाला, म्याडम? वेळ जातो," तो माणूस म्हणाला. "तुमची सही असली म्हणजे झालं."

मी डॉक्टरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "फळ वाईट नाही. ज्याचा रंग असा गडद असतो त्यात काहीतरी गुण असतो, आपल्या जांभळातही असेल. काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर चांगलं दिसतं, म्हणून लोक आशा धरतात. आशा धरायला हरकत नाही. पण सहा महिने पुडी पिऊन विसरणारी म्हातारी आठवायला लागली, असं मला अजून कुणी दाखवलेलं नाही." मग म्हणाले, "जायचं तर जा. पण अर्धी चाचणी घेऊ नकोस."

मी गेले आणि अर्धीच घेतली. का? उगाच मोठी कारणं देत नाही. मला पुन्हा कुणीतरी म्याडम म्हणत होतं. गाडी दारात यायची. आणि आणखी एक. सव्वीस वर्षं मी गुण फक्त खाली जाताना पाहिले होते. या वर्षी बावीस, पुढच्या वर्षी सतरा, मग अकरा, मग तो माणूस यायचाच बंद. कुणाचे तरी गुण वर चढलेले मला एकदा बघायचे होते. दूरच्या जंगलातलं एखादं फळ तेवढं करत असेल तर करू दे, असं मला मनापासून वाटलं.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून बसायचो. पहिल्याच बुधवारी रुखमाआक्का समोर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी घट्ट, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात सोन्याच्या मण्यांची पोत. नवरा पंडितआबा कानानं जड, दिवसभर मळ्यात. मुलगा भास्कर टेम्पो चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. बरोबर सून आली होती, सुनंदा. ती खांबाजवळ उभी राहिली.

मी घरातल्या माणसांची नावं विचारली. आक्का भास्करपर्यंत नीट सांगून थांबल्या.

"मालकांचं नाव?"

"त्यासनं नाव मी कशी लेऊ माय? त्यासनं आयुष्य कमी व्हस."

इथे नवखी मुलगी शून्य देऊन मोकळी होते. मी नवखी नव्हते. मी म्हटलं, "मग उखाण्यात घ्या, आक्का." आक्का पदर सावरून बसल्या आणि लगेच लग्नातला उखाणा म्हणाल्या, एक अक्षर न अडखळता. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. गाणं, ओवी, उखाणा हे माणसाच्या डोक्यातून सगळ्यात शेवटी जातं, हे मला माहीत होतं. बाकीच्या प्रश्नांत मात्र त्या पुष्कळ चुकल्या. तीन शब्द होते कैरी, कुलूप आणि नदी. पाच मिनिटांनी त्यांना एकही सांगता आला नाही. एकूण गुण एकोणीस. मी त्यांना पुन्हा ते शब्द सांगितले आणि म्हटलं, "हेसुद्धा उखाण्यात घातले असते तर राहिले असते बघा." मी हे गमतीनं म्हटलं होतं.

दुसऱ्या महिन्यात बावीस. तिसऱ्या महिन्यात सव्वीस. वार विचारला की त्या म्हणत, "तुम्ही उनात म्हंजे बुधवार." मी आले म्हणजे बुधवार, या उत्तराचं मला कौतुक वाटायचं. मी फक्त बुधवारीच जाते, हा माझाच दोष आहे, हे तेव्हा लक्षातही घेतलं नाही. पुडी घेता का विचारलं की त्या म्हणायच्या, "घेस ना माय, रोज घेस." मी त्यापुढे बरोबर अशी खूण करायचे. विसरणाऱ्या माणसाला आम्ही विचारत होतो, आठवणीनं घेता ना?

तिसऱ्या बुधवारी सुनंदा खांब सोडून माझ्यापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, आक्काले घरमा काहीच ध्यानमा ऱ्हात नही. भाजीमा दोनदा मीठ टाकस. काल माले इचारे, तू कोननी पोर शे?"

ती मला चाचणीचा दुसरा भागच सांगत होती, न विचारता. मीठ, ओळख, सगळं. जळगावला असते तर तिला व्हरांड्यात खुर्ची देऊन अर्धा तास बसवलं असतं. पण मला त्या क्षणी माझी सून दिसली, गॅस बंद केला का विचारणारी. मी म्हटलं, "सुनंदा, सासूचं असं वाटतंच सुनेला. हे बघ, कागदावर सव्वीस आहेत." तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

चौथ्या बुधवारी कंपनीचा फोटोग्राफर आला होता. आक्का समोर बसल्या. मी म्हटलं, "आक्का, आता तीन शब्द सांगते." मी सांगायच्या आधीच त्या डोळे मिटून पुटपुटायला लागल्या,

"कैरीनं लोणचं कुलूपमा ठेवस,
नदीकाठले बसीसन पंडितरावनं नाव लेस."

मी शब्द उच्चारलेही नव्हते. त्यांनी खरोखरच उखाणा केला होता. शब्द आणि बाकीचे प्रश्नही दर महिन्याला तेच, कारण कंपनीनं कागद एकदाच छापले होते. आक्का घरी तो उखाणा आणि बाकीची उत्तरं घोकत होत्या, म्हणूनच गुण चढत होते. त्यात जंगल नव्हतं, फळ नव्हतं. होती ती एका घाबरलेल्या बाईची हुशारी. तिला आतून कळत होतं की आपलं काहीतरी सुटत चाललंय, आणि ते माझ्यापासून लपवायला मीच तिला रस्ता दाखवला होता.

माझ्या पिशवीत दवाखान्यातला जुना कागद होता. दुसरे तीन शब्द, आणि मागच्या बाजूला घरच्यांचे प्रश्न. हात पिशवीपर्यंत गेला होता. समोर फोटोग्राफर वाट बघत होता, कंपनीचा माणूस हसत होता, आक्का माझ्याकडे इतक्या आशेनं बघत होत्या. मी हात मागे घेतला. अठ्ठावीस गुण लिहिले आणि सही केली. आक्कांचा फोटो निघाला, हातात जांभळं पाकीट घेऊन. गुणांच्या कागदाची एक प्रत त्या घरी घेऊन गेल्या.

पुढच्या महिन्यात पाचव्या चाचणीनंतर चार-पाच दिवसांनी भास्करचा फोन आला. मी धिरडी करत होते, फोन खांद्यावर धरला.

"म्याडम, एकच सांगा. आक्कानं डोकं बरोबर शे ना?"

"अठ्ठावीस गुण आहेत, भास्करभाऊ. तुमच्या-माझ्यापेक्षा बरं आहे."

"मंग ठीक शे," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानं का विचारलं हे मी विचारलं नाही. जिचा जन्म प्रश्न विचारण्यात गेला तिला तेवढा एक प्रश्न सुचला नाही. धिरडं करपू नये म्हणून मी तव्याकडे वळले.

सहाव्या बुधवारी आक्का शेजारणीबरोबर आल्या. गळा मोकळा होता. मी सुनंदाची चौकशी केली तर शेजारीण म्हणाली, "सुनले माहेर धाडी दिधं. आक्कानी पोत चोरी म्हने तिनी." आक्का शेजारी बसून मान हलवत होत्या. घरात मोठं भांडण झालं होतं. सुनंदा रडून सांगत होती की आक्काच कुठेतरी ठेवून विसरल्या असतील. भास्करनं चौथ्या महिन्याचा, भिंतीवर लावलेला गुणांचा कागद दाखवला, वर म्याडमला फोन करून खात्रीही करून घेतली. आक्का काही विसरत नाहीत म्हटल्यावर मग चोर कोण, हे ठरायला कितीसा वेळ लागतो? गावभर झालं. सुनंदाचे वडील शिंदखेड्याकडून येऊन तिला मान खाली घालून घेऊन गेले.

मला सगळं एका क्षणात कळलं. तरी त्या दिवशी मी गप्प बसले. आक्कांची चाचणी घेतली, पुन्हा अठ्ठावीस लिहिले. कार्यक्रमाची सांगता होती, सरपंच आले होते, कंपनीनं प्रत्येकाला रंगीत कागद प्लास्टिकमध्ये घालून दिला. टाळ्या वाजल्या. मी गाडीत बसून धुळ्याला आले आणि दोन दिवस जेवले नाही. म्हणून काय झालं? माझ्या न जेवण्यानं सुनंदाला काही मिळालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्याच आठवड्यात सोनगीरला जाऊन सांगायचं होतं. बरोबर आहे. मी रोज ठरवत होते. मला भीती वाटत होती, की मी सही केलेला कागद खोटा आहे असं म्हटलं तर माझे जळगावचे सव्वीस वर्षांचे कागदही लोक खोटे म्हणतील. माझी अब्रू मला प्यारी होती आणि सुनंदाची गावात गेलेली होती. या दोन अब्रूंमध्ये मी माझी निवडली.

असेच काही महिने गेले आणि आखाजी आली. आमच्या खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. सुनंदा त्याच्या किती आधीपासून माहेरी होती, आणि तिला झोक्यावर बस म्हणायला कुणी पुढे येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. सोनगीरला भास्करची बहीण सणाला आली होती. सांजोऱ्या ठेवायला तिनं माळ्यावरचा मोठा पितळी डबा काढला. सोनगीरची पितळेची भांडी आमच्याकडे प्रसिद्ध, आणि हा डबा आक्कांच्या लग्नातला. उघडला तर आत जांभळ्या पुड्या, सहा महिन्यांच्या, एकही फोडलेली नाही. आणि त्यांच्या खाली, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली पोत.

भास्करचा फोन आला. "पोत सापडनी म्याडम. डबामा व्हती. तुमन्या पुड्याबी बठ्ठ्या तठेच शेतस." आक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, पाव्हनासाठे ठेयेल शे. त्या जंगलातल्या फळाला मी दोष देत नाही. ते बिचारं पुडीतून बाहेर आलंच नाही. पत्रकावर मात्र आक्का अजून हसताहेत, आणि खाली लिहिलंय की सहा महिन्यांत एकोणीसचे अठ्ठावीस झाले.

या वेळी मी थांबले नाही. एसटीनं सोनगीरला गेले. सुनंदा परत आली होती. भास्कर जाऊन घेऊन आला होता. आक्कांना आता कपडे घालायलाही माणूस लागत होता आणि बहीण दोन दिवसांत सासरी निघाली होती, म्हणून. आक्का खाटेवर बसल्या होत्या, पोत मुठीत घट्ट धरून. मला त्यांनी ओळखलं नाही. सुनंदा त्यांना पेज भरवत होती, आणि आक्का प्रत्येक घासाला पोत दुसऱ्या हातात लपवत होत्या.

"हाई बाई कोन शे?" त्यांनी मला विचारलं, सुनंदाकडे बोट दाखवून. "तिले सांग, मनी पोतले हात लावू नको."

सुनंदानं त्यांचं तोंड पुसलं आणि वाटी आत नेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. पिशवीतून दवाखान्यातला जुना कागद काढला, मागची बाजू वर केली आणि तिला म्हटलं, "आज मला तुझे प्रश्न विचारायचेत." ती बसली. रोज बरोबर कोण राहतं? चूल पेटती राहते का? कुणावर आळ घेतात का? ती जमिनीकडे बघून एकेक उत्तर देत गेली. दोन वर्षांपासूनचं सगळं तिच्याकडे होतं, अगदी महिना आणि सणवारासकट. मी लिहीत गेले. शेवटी मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "सुनंदा, माझं चुकलं."

"मी सांगेल व्हतं तुमले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हीन इचारं नही."

"भास्करभाऊंनी माफी मागितली का?"

"ते म्हनतस, म्याडमनीच सांगं व्हतं."

ते खरंच होतं. मी उठले. आतल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, प्लास्टिकमधला तो रंगीत कागद टांगलेला होता. अठ्ठावीस गुण आणि माझी सही. मी तो काढायला हात लावला तर सुनंदानं मला अडवलं.

"तो ऱ्हाऊ द्या म्याडम. आक्कानं डोकं बरोबर शे, हाई सांगाले कागद शे. मी चोरी करी नही, हाई सांगाले मनाकडे काय शे? चोरी झायी हाई आयकाले बठ्ठं गाव उनं. पोत सापडनी हाई आयकाले कोनीच उनं नही."

मी हात मागे घेतला. पुढच्या आठवड्यात मी त्या दोघींना जळगावला डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. माझ्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. तिनं आक्कांची चाचणी घेतली, नऊ गुण. मग ती बाहेर आली आणि सुनंदाला खुर्ची देऊन म्हणाली, "ताई, आता तुम्ही सांगा."

या अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा असं मला सांगितलं होतं. लिहायला बसले तेव्हा त्याच लिहिणार होते. पण सुनंदाचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मी तिला फोन करून विचारलं, "तुझ्याबद्दल लिहू का? नाव बदलते." ती म्हणाली, "बाकीनासना नावं बदला. मनं नाव बदलू नका." तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तेवढं एकच नाव खरं ठेवलं आहे.

अंक हातात आला की एक प्रत घेऊन मी सोनगीरला जाणार आहे. हे शेवटचं पान फाडून प्लास्टिकमध्ये घालून त्या दुसऱ्या कागदाशेजारी भिंतीवर टांगायचं, असं आमचं ठरलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं वाचायला वेळ नसतो, म्हणून जे वाचायचं ते शेवटी लिहिते. रुखमाआक्कांना आठवत नव्हतं, आणि हे मला चौथ्या महिन्यातच कळलं होतं. पोत त्यांनी स्वतः डब्यात ठेवली होती. सुनंदानं चोरी केलेली नाही. खाली माझी सही आहे.